पद्मिनीच्या दारातली शिट्टी: माझा अनुभव

प्रीमियर पद्मिनी ताशी ६०च्या पुढं गेली की ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टी यायची. ७५ला तर शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागे. अशा वेळी बहुतेक जण आधी नवं बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, आणतात. मीही तेच केलं आणि तिथंच चुकलं. बाजारातलं जाड, भरीव रबर लावल्यावर दार पहिल्या खटक्यावरच अडकायला लागलं आणि दुसऱ्या खटक्यासाठी आपटावं लागे. शिट्टी मात्र होती तशीच, कारण दारच खाली बसलं होतं. रबराचं काम सगळ्यात शेवटी घ्यायचं.

दार अर्धं उघडून मागची कड दोन्ही हातांनी वर उचलून पाहिली. ती जवळजवळ ४ मिमी हलली. वरच्या बिजागरीची पिन झिजली होती. भोक रीमरनं (भोक गुळगुळीत मोठं करायचं हत्यार) वाढवून लेथवर किंचित जाड पिन करून घेतली, तेव्हा दार जागेवर आलं. मग बॉडीवरच्या लॉक प्लेटचे (जिथं दाराचा खटका अडकतो) स्क्रू ढिले करून ती अर्धा-अर्धा मिलिमीटर आत सरकवली. दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी, ४ ते ५ मिमी दिसली पाहिजे. ती वर जास्त आणि खाली कमी असेल तर कितीही भारी रबर आणा, उपयोग नाही.

वारा नेमका कुठून शिरतो हे शोधायला सोलापूरची धूळ फार कामाची. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं एक फेरी मारायची आणि दार उघडून रबर टेकतं ती जागा बघायची. रबर नीट टेकत असेल तिथं रंगावर स्वच्छ रेघ उमटलेली असते आणि धूळ तिच्या बाहेरच थांबते. जिथं गळती आहे तिथं धूळ ती रेघ ओलांडून आत पसरलेली दिसते. नंतर जुन्या कॅलेंडरच्या दोन बोटं रुंद पट्ट्या दर वीतभर अंतरावर दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिल्या. अलगद निघाली तिथं खडूची खूण केली.

शेवटची परीक्षा हायवेवर. दाराच्या सगळ्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून पुणे रस्त्यानं मोहोळच्या दिशेनं निघालो आणि थांबून थांबून एकेक तुकडा काढत गेलो. ज्या तुकड्यानंतर शिट्टी परत येते, ती जागा. पावसाळ्यात ही परीक्षा जाता-येता दोन्ही वेळी घ्यावी. नैर्ऋत्येचा वारा पुण्याकडं जाताना डाव्या दारांवर येतो, परतताना उजव्या.

उभ्या गाडीत कागद घट्ट धरणारी जागाही वेगात शिट्टी मारते, याचं कोडं अनेकांना सुटत नाही. काचेवरून हवा जोरात सरकते तेव्हा बाहेरचा दाब कमी होतो आणि दाराची वरची चौकट बाहेर ओढली जाते. म्हणून ती आतल्या बाजूला थोडी दाबून ठेवावी लागते. काच पूर्ण खाली घ्यायची, दाराच्या खालच्या भागाला गुडघा लावायचा आणि चौकटीचा वरचा कोपरा हळूहळू आत ओढायचा. एका वेळी २ मिमीहून जास्त नको. काच अर्धवट वर असेल तर फुटते.

आता रबर. पोकळ, स्पंज जातीचं ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) घ्यावं. दार लागल्यावर ते साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. आधी सुतळीनं माप घेतलं. चारही दारांना मिळून १५ मीटरच्या आसपास लागलं. जुना गोंद थिनरनं साफ केला, रंगाला थिनर लागू न देता. एसआर जातीचं सोल्यूशन (सिंथेटिक रबरचा गोंद) दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. मे महिन्यात हे पाच मिनिटांतच सुकतं, त्यामुळं काम सकाळी आठच्या आत आणि फूट-फूटभरच. कोपऱ्यावर रबर ताणायचं नाही, उलट किंचित जास्त सोडायचं. ताणलेलं रबर आकसतं आणि कोपऱ्यातच फट पडते. जोड खालच्या कडेला घ्यावा. ग्रीस किंवा डिझेल लावू नये, रबर फुगतं. सिलिकॉन स्प्रे चालतो.

एवढं करूनही थोडा आवाज उरला, तो पुढच्या तिकोनी काचेचा. तिचं रबर कडक झालं होतं आणि खटका ढिला. नवं रबर साबणाच्या पाण्यात भिजवून बसवलं, तेव्हा शिट्टी थांबली.

दाराच्या आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिक कागदही बहुतेक जुन्या गाड्यांत गायब असतो. शेतीच्या दुकानातला जाड प्लास्टिक कागद ब्यूटाइल टेपनं (रबरी चिकटपट्टी) लावला, खालची कड दाराच्या पोटात सोडून. दाराच्या तळाची भोकं मात्र वारा येतो म्हणून कधीही बुजवू नका. काचेच्या कडेनं उतरणारं पाणी तिथूनच जातं, नाहीतर पत्रा आतून कुजतो.

नवं रबर बसेपर्यंत दोन-तीन आठवडे दार जरा जोरानं लावावं लागतं. त्यानंतर लॉक प्लेट पुन्हा एकदा तपासा. माझ्या गाडीत ती आणखी अर्धा मिलिमीटर आत घ्यावी लागली.