मालदीवच्या अंगणातली विहीर

मालदीवमधल्या एका लहानशा बेटावर आम्ही चार दिवस एका घरगुती गेस्ट हाऊसमध्ये उतरलो होतो. त्या घराच्या परसात एक उथळ विहीर होती आणि पाणी इतके वर होते, की घरमालकीण बाई लांब काठीला बांधलेल्या डब्याने ते सहज काढून घेत. ते फक्त धुण्याभांड्यांसाठी होते, कारण चव मचूळ होती. पिण्यासाठी छपरावरून टाकीत साठवलेले पावसाचे पाणी होते आणि ते सरले की यंत्राने गोडे केलेले समुद्राचे पाणी.

मालदीव कधी बुडणार, असे आपल्याकडे नेहमी विचारले जाते. देशाची सुमारे ८० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरहूनही कमी उंचीवर असल्यामुळे तो प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र ती विहीर पाहिल्यापासून मला वाटते, की बेट पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी ते राहण्याजोगे उरणार नाही. प्रवाळ बेटांवर नद्या नसतात. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी वाळूखालच्या खाऱ्या पाण्यावर एका पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा वाढला किंवा एखादी मोठी लाट बेटावरून गेली, की तो थर खारावतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत नेमके हेच अनेक बेटांवर झाले. त्या दिवशी शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली, आणि देशाचे नुकसान वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्क्यांएवढे होते. कंधोलुधू हे बेट तर कायमचे सोडावे लागले आणि तिथल्या लोकांसाठी धुवाफारू या निर्मनुष्य बेटावर नवे गाव वसवावे लागले.

विहीर गेली की यंत्र येते. यंत्राला वीज लागते, वीज मुख्यतः डिझेलवर तयार होते, डिझेल बाहेरून येते आणि त्यासाठी लागणारे डॉलर पर्यटक आणतात. तांदूळ, पीठ, साखर यांचेही तेच. १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट सुरू झाल्यापासून या देशाने हा एकच मोठा व्यवसाय उभा केला, आणि शेतीला जमीनच नसलेल्या देशाला त्याबद्दल दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण २०२० मध्ये मार्चअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पर्यटकांना दारे बंद झाली आणि त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ एक तृतीयांशाने घसरले. किनारे राखण्यासारख्या कामांना ज्यातून पैसा मिळावा तो हरित करसुद्धा पर्यटकांच्या मुक्कामावरच आकारला जातो.

यंत्र बंद पडले तर काय होते, तेही दिसून आले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखाहून अधिक लोकवस्तीच्या राजधानीचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी पाणी पाठवले, आणि नौदलाचे ‘दीपक’ हे जहाज सुमारे एक हजार टन पाणी घेऊन आपल्या मुंबईहून निघाले.

निघण्याच्या दिवशी बाईंनी सांगितले, की त्यांच्या लहानपणी सारे घर याच विहिरीचे पाणी पीत असे. त्सुनामीनंतर ते कोणी तोंडाला लावले नाही. विहीर बुजवावी, असे मुलगा म्हणतो. त्यांनी मात्र अजून बुजवू दिलेली नाही.