विमान परत वर गेलं तेव्हा

आज दुपारी परुळ्याला होते. सड्यावर सर आली आणि समोरची माडांची रांगसुद्धा दिसेनाशी झाली. तेवढ्यात चिपीच्या विमानतळाकडे एक छोटं विमान उतरायला आलं. चाकं बाहेर, पंख डावी-उजवीकडे हलतायत, दिवे पावसात पसरलेले. आणि एकदम इंजिनांचा आवाज वाढला, विमान सरळ वर निघून गेलं.

शेजारच्या आजी घाबरल्या. "उतराक नाय गो ता? परत वर कित्याक गेला?"

मला मात्र हायसं वाटलं. 14 सप्टेंबर 2023 ला मुंबईत असंच एक छोटं खासगी जेट विशाखापट्टणमहून येऊन जोरदार पावसात उतरत होतं. दृश्यमानता जेमतेम 700 मीटर. ते धावपट्टीवरून बाजूला गेलं, तुटलं, आग लागली. आतले आठही जण वाचले, पण तो व्हिडिओ आठवला की आजही पोटात गोळा येतो.

धावपट्टी नीट दिसली नाही, वेग किंवा उंची जमली नाही, तर उतरणं सोडून पुन्हा वर जायचं, ही पायलटला शिकवलेली रीतच आहे. त्याला 'गो-अराउंड' म्हणतात. हे आजींना सांगितलं, तरी त्यांनी वेतोबाला हात जोडलेच. मीही जोडले.

सर ओसरल्यावर विमान पुन्हा आलं आणि व्यवस्थित टेकलं. गणपतीला विमानाने येणाऱ्या चाकरमान्यांनो, तुमचा पायलट असा वर गेला तर त्याच्यावर ओरडू नका. उशीर झाला तरी आम्ही जेवायला थांबू.