तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टे सरकले, म्हणजे गती सापडली का?

प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून, म्हणजे दोन लहरी एकमेकींवर पडून उमटणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्यांतून, पृथ्वीची अवकाशातली निरपेक्ष गती मोजता येते का, असं मला नेहमी विचारलं जातं. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: टेबलावर लेझर, बीम स्प्लिटर (किरण दुभागणारा अर्धपारदर्शक आरसा) आणि दोन आरसे मांडून उपकरण फिरवलं की पट्टे सरकताना दिसतात, ते मग काय असतं? सरळ रेषेतली एकसमान गती यातून सापडत नाही. पट्टे सरकतात ते बहुतेक वेळा तापमानामुळे किंवा सांगाडा वाकल्यामुळे.

उपकरणाला हात लावण्याआधी गणित करावं. ईथर, म्हणजे प्रकाशलहरी ज्यातून जातात असं पूर्वी मानलं जाणारं सर्वव्यापी माध्यम, खरंच असता, तर 90 अंश फिरवल्यावर किती पट्टे सरकले असते? बाहूच्या (बीम स्प्लिटरपासून आरशापर्यंतच्या मार्गाच्या) लांबीची दुप्पट भागिले तरंगलांबी, गुणिले आपला वेग आणि प्रकाशाचा वेग यांच्या गुणोत्तराचा वर्ग. 20 सेंटिमीटरचा बाहू, 633 नॅनोमीटरचा लाल लेझर आणि पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग सेकंदाला 30 किलोमीटर धरला, तर उत्तर येतं 0.006 पट्टा. डोळ्यांना ते दिसणं शक्यच नाही. वैश्विक पार्श्वप्रारणाच्या (विश्वाच्या सुरुवातीच्या काळापासून सगळीकडे पसरलेल्या मंद प्रारणाच्या) सापेक्ष सूर्यमालेचा वेग सेकंदाला सुमारे 370 किलोमीटर आहे. तो धरला तर जवळजवळ पूर्ण एक पट्टा सरकायला हवा.

आता चुकांचा आकार पाहा. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला लांबीच्या 23 दशलक्षांश प्रसरण पावतं. एकच बाहू एका अंशाने तापला, तर 14 पट्टे सरकतात. एका मार्गातली नुसती हवा एका अंशाने तापली तरी अर्ध्याहून जास्त पट्टा गेला. उपकरण उभ्या प्रतलात फिरवलं की गुरुत्वाकर्षण बाहू वाकवतं, आणि हा परिणाम दिशेबरोबर नेमाने बदलतो, त्यामुळे तो हमखास फसवतो. म्हणून उपकरण आडवंच फिरवा, झाकून ठेवा, दोन्ही बाहू समान लांबीचे करा (नाहीतर लेझरची तरंगलांबी सरकली की पट्टेही सरकतात), आणि परतलेला किरण लेझरमध्ये शिरणार नाही इतका आरसा किंचित तिरपा ठेवा.

खरी कसोटी आवर्तनाची. ईथरचा संकेत एका फेरीत दोनदा यायला हवा. फेरीत एकदाच येणारा बदल टेबलाच्या कलण्याचा असतो, तर एकाच दिशेने वाढत जाणारा तापमानाचा. त्यामुळे सलग अनेक फेऱ्यांची सरासरी घ्या आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीच्या व शेवटच्या वाचनांतला फरक रेषीय समजून वजा करा.

मायकेल्सन आणि मोर्ली या शास्त्रज्ञांनी 1887 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला नेमकं हेच केलं. दीड मीटर चौरस दगडी फरशी पाऱ्यावर तरंगवली, किरण आरशांमध्ये पुन्हापुन्हा परतवून बाहू 11 मीटरचा केला, सहा मिनिटांत एक फेरी आणि फेरीत 16 वाचनं. अपेक्षा 0.4 पट्ट्याची होती. हाती आलं ते 0.02 पेक्षाही कमी. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेटन मिलर यांना 1925-26 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर सेकंदाला सुमारे 10 किलोमीटरचा संकेत मिळाला, पण 1955 मधल्या फेरतपासणीत शँकलँड आणि सहकाऱ्यांनी त्याचं मूळ तापमानातल्या फरकांत दाखवलं. मिलर अतिशय काटेकोर होते, म्हणून मला हे उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं.

370 किलोमीटरचा तो आकडाही व्यतिकरणाच्या पट्ट्यांतून आलेला नाही. आकाशाच्या एका बाजूचं पार्श्वप्रारण सरासरीपेक्षा 3.36 मिलिकेल्विन उष्ण आणि विरुद्ध बाजूचं तितकंच थंड दिसतं, त्यावरून तो निघाला. बंद खोलीतल्या उपकरणाला ही खूण दिसत नाही.

फिरणं मात्र व्यतिकरणाने थेट मोजता येतं. एकाच बंद वाटेवरून दोन किरण उलटसुलट सोडले की वाटेने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या आणि फिरण्याच्या वेगाच्या प्रमाणात पट्टे सरकतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सान्याक यांनी 1913 मध्ये हे दाखवलं. मायकेल्सन आणि गेल यांनी 1925 मध्ये 612 बाय 339 मीटरच्या निर्वात नळ्यांच्या आयतात पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम मोजला: गणिताने 0.236 पट्टा, प्रत्यक्षात 0.230. एवढी जागा नसेल तर किलोमीटरभर प्रकाशीय तंतू 10 सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर गुंडाळतात. विमानांतले फायबर जायरोस्कोप (फिरणं मोजणारी उपकरणं) याच तत्त्वावर चालतात.