चिकन रॅप, दह्याचा सॉस आणि त्यातलं पाणी

दुसऱ्याच घासाला रॅप तळातून फाटतो आणि सॉस मनगटावर ओघळतो, तेव्हा दोष बहुधा पोळीचा नसतो. आत पाणी जास्त झालेलं असतं. दही, काकडी, टोमॅटो, चिकन, सगळंच पाणी सोडतं. ते आधीच काढून टाकायचं, एवढंच खरं कसब. पुढचं प्रमाण चार मोठ्या रॅपचं आहे.

सुरुवात दह्यापासून, कारण त्यालाच वेळ लागतो. ४०० ग्रॅम घट्ट दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर, खाली भांडं ठेवून, ३ तास फ्रीजमध्ये ठेवा. साधारण २५० ग्रॅम उरतं. अगदी कोरडा चक्का नको. चमच्यावरून सावकाश सुटेल इतपत दाट हवं. यातलं ५० ग्रॅम चिकनला, बाकीचं सॉसला.

चिकन ५०० ग्रॅम, बोनलेस, शक्यतो मांडीचं. छातीचं मांस मिनिटभर जास्त झालं तरी कोरडं पडतं, मांडीचं तेवढं सोसतं. लहान तुकडे करू नका. जाड भागाला सुरीने चीर देऊन सगळीकडे सारखी जाडी करा. मसाल्यात वेगळं काढलेलं दही, १ मोठा चमचा तेल, १ मोठा चमचा आलं-लसूण वाटण, दीड छोटा चमचा लाल तिखट, जिरेपूड आणि धनेपूड प्रत्येकी १ छोटा चमचा, पाव चमचा हळद, चिमूटभर दालचिनीपूड आणि सपाट १ छोटा चमचा मीठ. लिंबाचा रस छोटा चमचाभरच. रस भरपूर घालून रात्रभर ठेवलं, की मांसाचा वरचा थर पांढुरका आणि भुसभुशीत होतो. दही मात्र सौम्य असतं. त्यात ४ तास उत्तम, रात्रभरही चालतं.

भाजताना सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. बिडाचा तवा चांगला तापू द्या. तुकड्यांवरचा जास्तीचा मसाला निपटून काढा, नाहीतर तव्यावर दह्याचं पाणी उकळत राहतं आणि चिकन भाजण्याऐवजी शिजतं. एका वेळी दोन-तीनच तुकडे. ५ मिनिटं हात लावू नका, मग उलटून आणखी ४ मिनिटं. आतलं तापमान किमान ७४ अंश सेल्सिअस हवं. मांडीचं मांस ८० अंशांपर्यंत गेलं तर उलट जास्त मऊ लागतं. ताटात ५ मिनिटं विसावू द्या, धाग्यांना आडवं कापा. ताटात सुटलेला रस फेकू नका. पट्ट्यांसकट तो गरम तव्यावर अर्धा मिनिट परता, म्हणजे आटून मसाल्यासारखा चिकटतो. (कच्च्या चिकनचा उरलेला मसाला मात्र टाकूनच द्यायचा.)

सॉससाठी एका लहान काकडीच्या बिया काढून ती किसा, पाव चमचा मीठ लावून १५ मिनिटांनी घट्ट पिळा. लसणाची एक पाकळी किसून छोटा चमचाभर लिंबाच्या रसात १० मिनिटं ठेवा. किसल्यावर लसणातलं एन्झाइम उग्रपणा तयार करू लागतं, आम्लात त्याचा जोर कमी होतो. मग दही, काकडी, लसूण, चिरलेला पुदिना, मिरपूड हे सगळं चमच्यानेच कालवा. मिक्सरमध्ये फिरवलं, तर टांगलेलं दही पुन्हा पातळ. मीठ शेवटी, चाखून.

पोळीला २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, १ मोठा चमचा तेल आणि १५० मिलिलिटरच्या आसपास कोमट पाणी. अर्धी कणीक घेतली तर पाणी थोडं वाढवा. पीठ अर्धा तास झाकून ठेवा, चार गोळे करून २५ सेंटिमीटरपर्यंत लाटा. तवा कडकडीत हवा, प्रत्येक बाजूला ४५ सेकंद पुरे. मंद आचेवर पोळी वाळते आणि गुंडाळताना तडकते. काढली की लगेच फडक्यात झाका.

भरताना पोळीच्या मध्याच्या थोडं खाली आधी कोबीचा किंवा लेट्यूसचा थर, त्यावर चिकन, सॉस सगळ्यात वर. सॉस थेट पोळीला लागू द्यायचा नाही. टोमॅटो घालायचा तर बिया काढून. कडेला ३ सेंटिमीटर जागा सोडा, खालची बाजू दुमडा, दोन्ही कडा आत घ्या, घट्ट गुंडाळा. जोड खाली ठेवून कोरड्या तव्यावर मिनिटभर शेका, म्हणजे तो सुटत नाही.

लगेच खायचा नसेल तर सॉस वेगळाच ठेवा. फ्रीजमध्ये तो दोन दिवस टिकतो. वर पाणी साचलं असेल तर ते ओतून द्या, ढवळून त्यातच मिसळू नका.