होळीच्या ओहोटीला सापडलेला पिंजरा

धरमतरच्या खाडीत आमचे बाबा चिंबोऱ्यांसाठी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांसाठी, फग लावायचे. लोखंडी कडी, तिला जाळं, मध्ये आमिष म्हणून वाम माशाचा तुकडा बांधलेला. फगाला दार नसतं; चिंबोरी खात बसलीय तोवरच ती तुमची. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी होडी फिरवायची आणि झटक्यात फग उचलायचा. रात्रभर हेच. मी घडीचे पिंजरे आणले. दोन्ही बाजूंची तोंडं आत निमुळती होत जातात, शिरलेली चिंबोरी सहसा परतत नाही. संध्याकाळी लावा, सकाळी काढा.

डिसेंबरात एका बार्जने एका पिंजऱ्याचा दोर तोडला. खुणेसाठी दोराला बांधलेल्या आमच्या तरंगत्या बाटल्या बार्जवाल्यांना दिसत नाहीत की बघायच्याच नसतात, देव जाणे. दोन दिवस शोधला आणि नाद सोडला.

होळीच्या उधाणाला पाणी पार खाली गेलं, तेव्हा तिवरांच्या कडेला चिखलातून एक कोपरा वर आलेला दिसला. ओढून होडीत घेतला. सळ्यांवर कालवं धरलेली, आत कवचं. मोजली, नऊ. आधी वाटलं, काती टाकल्या असतील. पण कात मागून उघडते आणि पायांसकट अख्खी राहते. ही फोडून खाल्लेली होती. माझं आमिष दोन दिवसांत संपलं असेल. मग जी मेली ती पुढचीचं आमिष झाली.

एक जिवंत होता. नर, पोटाखालची पट्टी चिंचोळी, नांगी एकच. मागून अंगठा घालून उचलला तर हाताला हलका, पोकळ. बांधायला सुतळी काढली. तसा तो विकलाही गेला नसता. आमचा व्यापारी ओल्या सुतळीचंसुद्धा वजन कापतो, पोकळ माल तर परतच टाकतो. पण मी दरामुळे थांबलो असं नाही. सोडून दिला.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "तीन म्हयने त्यो पिंजरा धंदा करीत व्हता, नि तू घरान झोपला व्हतास."

आता प्रत्येक पिंजऱ्याची एक बाजू नायलॉन उसवून सुतळीने ओवलीय. हरवला तर सुतळी कुजेल, बाजू सुटेल. पहिला असा पिंजरा नवव्या दिवशीच उघडा वर आला, आमिषासकट सगळं साफ. शेजारचा होडीवाला अजून हसतोय. या खेपेला सुतळी दुहेरी घातलीय.