वृद्धाश्रम बघायचा तर आषाढात बघा

मुंबई-पुण्यातली मुलं आईवडिलांसाठी कोकणातला वृद्धाश्रम बघायला येतात ती बहुधा डिसेंबरात, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा खळं सारवलेलं असतं, लाईट असते, विहिरीचं पाणी नितळ असतं, कलमाखाली खुर्च्या मांडलेल्या असतात. यातलं काही खोटं नसतं. पण अशा जागेची खरी परीक्षा होते ती जून ते सप्टेंबर, आणि तीही रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणून पहिली भेट केव्हाही द्या. पैसे भरण्याआधीची एक भेट मात्र आषाढात, पाऊस लागलेला असताना, संध्याकाळी सातनंतर आणि न कळवता द्या. रात्री कुणाच्या खोलीत शिरायचं नाही, पडवीत बसलात तरी पुष्कळ कळतं.

कागदपत्रं आधी उरकून घ्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, स्वयंपाकघराची अन्नसुरक्षा नोंदणी चालू आहे का, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का. इमारतीत आगीची यंत्रणा असेल तर महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे ती चालू स्थितीत असल्याचा 'ब' नमुन्यातला दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैत लागतो. जुना, लॅमिनेट करून भिंतीला लावलेला दाखला उपयोगाचा नाही. कागद नीट असणं ही किमान अट समजा. त्यावरून आजीला रात्री पाणी मिळतं की नाही ते समजत नाही.

रात्री किती माणसं असतात, असं विचारलं की मोठा आकडा मिळतो. प्रश्न असा करा: रात्री जागी किती असतात? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. कातडी न घासता, उचलून वळवायचं तर दोन माणसं लागतात. डायपर बदलणं, पुसणं, उशी लावणं धरून एका माणसामागे दहा मिनिटं सहज जातात. असे दहा रुग्ण असतील तर दोन तासांतली 100 मिनिटं दोन जागी माणसं याच कामात गुंतलेली असतात. त्यातच कुणाला न्हाणीकडे जायचं असलं, कुणी पडलं, कुणाला धाप लागली, की हिशेब कोलमडतो. एकच मावशी रात्रीला असेल तर कूस बदलण्याचा तक्ता कितीही भरलेला असो, ते काम होत नाही. तक्ताही वाचायला शिका. 10, 12, 2, 4 असे काटेकोर आकडे, सगळीकडे एकच पेन, एकच हस्ताक्षर, म्हणजे तो सकाळी एका बैठकीत भरलेला असण्याचा संभव जास्त. सकाळी अकराला बघताना दुपारी बाराची सही दिसली तर संशयाला जागाच राहत नाही.

आपलं माणूस तिथे राहायला गेल्यावर माकडहाड, टाचा, खुबे आणि कोपर स्वतः बघत जा. लाली दिसली तर बोटाने दाबा. दाब काढल्यावरही ती जागा फिकी पडत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते हाताने बघा. हवेची गादी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. लाईट गेली की पंप थांबतो, गादी हळूहळू बसते आणि माणूस खाटेच्या फळीवर येतो. हा पंप फार थोडी वीज घेतो, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर न ठेवण्याला काही कारण नाही.

विजेचं प्रकरण इथे सगळ्यांत नाजूक. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. 'आमच्याकडे इन्व्हर्टर आहे' या उत्तरावर थांबू नका. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारा, मिनिटाला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 300 ते 350 वॅट घेतो. 12 व्होल्टची 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. नवी असली तरी चारेक तासांत ती संपते, आणि खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट बुरशी चढलेली जुनी असेल तर त्याहून लवकर. म्हणजे जनरेटर हवाच. तो समोर चालू करून दाखवायला सांगा आणि डिझेल किती दिवसांचं आहे ते विचारा. पावसात भिजू नये म्हणून काही ठिकाणी तो पडवीत आणून ठेवतात. हे जिवावरचं आहे, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय खोल्यांत भरतो. त्याला वेगळी शेड हवी, खिडक्यांपासून लांब. शिवाय भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हवा. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो. पाना आणि रेग्युलेटर सिलिंडरलाच बांधलेले आहेत का बघा. ऐन वेळी हरवतो तो पानाच.

त्याच फेरीत मीटरबोर्ड उघडून बघा. गीझरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट झिरपताच वीज तोडणारा स्विच, हवा, आणि त्याचं टेस्ट बटण दाबताच तो खट्कन पडला पाहिजे. पावसात भिंती ओल धरतात, करंट झिरपतो, आरसीसीबी सारखा पडतो, मग कंटाळून कुणीतरी वायरमनकडून तो बायपास करून घेतं. बोर्डावर डबी दिसते, पण ती कामाची राहिलेली नसते.

आता न्हाणीत चला. पकडायला स्टीलचे दांडे बसवलेले असतात, फोटोत छान दिसतात. भिंत जांभ्याची असेल तर साधा प्लास्टिकचा गिट्टा आणि स्क्रू त्या सच्छिद्र, ठिसूळ दगडात धरत नाही. पहिल्याच झटक्याला दांडा हातात येतो, आणि झटका येतो तो माणूस घसरत असतानाच. भिंतीच्या आरपार बोल्ट, नाहीतर काँक्रीटचा ठोकळा बसवून त्यात केमिकल अँकर (रसायनाने पक्का चिकटवलेला बोल्ट), एवढं काम झालेलं हवं. स्वतः दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळून बघा. हे करताना संकोच वाटतो, तरी करा. स्क्रूभोवती तांबूस ओघळ दिसले तर गंज आत पोचला आहे. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं हवं, आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे आत उघडणारं दार अडतं. कडी बाहेरूनही काढता आली पाहिजे. गरम पाणी नळाशी 43 अंशांच्या आत हवं. म्हाताऱ्या, पातळ कातडीला साध्या कढत पाण्यानेही भाजतं आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला ते कळतही नाही.

पडण्याचा धोका न्हाणीत तसा वाटेतही असतो. खाटेपासून शौचालयापर्यंत रात्रीचा दिवा, मधे उंबरा असेल तर त्यावर उतार, आणि बाहेर चिऱ्यांची पायवाट असेल तर तिच्यावरचं शेवाळ. पागोळ्या जिथे पडतात ती पट्टी सर्वांत निसरडी. पावसाळाभर ती ब्लीचिंग टाकून घासावी लागते. 'आठवड्याला करतो' असं सांगतात, ते खरं की नाही हे चप्पल काढून पाय ठेवला की समजतं.

पाण्याबद्दल कोकणात एक गैरसमज आहे, की आपल्या विहिरीचं पाणी शुद्धच. जांभा सच्छिद्र असतो. वरच्या अंगाला शोषखड्डा असेल तर मोठ्या पावसात मैलापाणी भराभर विहिरीत उतरतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात का, आणि पोतं उघडं ठेवलंय का, ते बघा. उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. चांगल्या पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला अडीच ग्रॅम, आणि नळाशी क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम लागावा. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का ते तपासायला एच-टू-एसची छोटी बाटली मिळते. तीत खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं, 24 ते 48 तासांत काळं पडलं तर ते पिऊ नये. चाचणी मोठ्या सरीनंतर करा. मे महिन्यातला अहवाल दाखवला तर त्यावर विसंबू नका.

औषधांची तपासणी सोपी आहे आणि ती कुणी करत नाही. समजा, 1 तारखेला तीस गोळ्या आल्या, रोज सकाळी एक. 12 तारखेला दुपारी अठरा उरल्या पाहिजेत. एकवीस असतील आणि रजिस्टरवर बारा सह्या असतील तर तीन दिवस गोळी न देता सही झाली आहे. अशा तीन-चार औषधांची मोजणी करा, संस्थेची शिस्त लगेच दिसते. पावसात स्ट्रिपमधून काढून डबीत भरलेल्या गोळ्या ओल धरतात, डाग पडतात, भुगा होतात. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत हवं. फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का बघा, आणि इन्सुलिन बर्फाच्या खणाला चिकटून गोठलेलं नाही ना, तेही. झोपेच्या गोळ्यांचं वेगळं विचारा: कुणी लिहून दिल्या, शेवटचा आढावा केव्हा झाला. संध्याकाळी सातलाच सगळे गुंगीत असतील, किंवा कुणाचा हात खाटेला बांधलेला दिसला, तर तिथून निघा.

जेवणाची चव बघण्यापेक्षा वजनाची वही मागा. महिन्यात वजन पाच टक्के घटलं, म्हणजे 50 किलोच्या आजींचं अडीच किलो, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी हे चांगलंच अन्न आहे, पण दोन्ही वेळा पेजच असेल तर प्रथिनं कमी पडतात. ब्लडप्रेशरवाल्यांच्या ताटात सुकी मासळी आणि लोणचं रोज नको. गिळायला त्रास असणाऱ्याला आडवं ठेवून भरवत असतील तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बसवून भरवणं आणि नंतर अर्धा तास बसतं ठेवणं, एवढं बघा.

रात्री ग्रिलला कुलूप असतं, विसराळू माणसं बाहेर पडू नयेत म्हणून. ते ठीक. चावी कुठे, हे रात्रीच्या मावशीला विचारा. 'सरांकडे' असं उत्तर आलं तर आगीच्या वेळी सगळे आत अडकतील. पुराचंही तसंच. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी काही तासांत वर चढलं. खाडी किंवा वहाळाकाठच्या इमारतीत न चालणारी माणसं तळमजल्यावर असतील तर त्यांना कोण, कशातून, कोणत्या क्रमाने वर नेणार हे लिहून भिंतीला लावलेलं हवं. 108 ची गाडी दारापर्यंत येते का, की साकवाच्या पलीकडे थांबते? चिऱ्यांच्या ढिगात फुरसं निघतं तिथे सर्पविषावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहे, हे व्यवस्थापकाला न शोधता सांगता आलं पाहिजे.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: अनामत किती दिवसांत परत, आजारी पडल्यास कोणत्या रुग्णालयात आणि कोणाच्या सहीने, आणि पेन्शनचं पासबुक, एटीएम कार्ड कोणाकडे राहणार. पासबुक आणि कार्ड संस्थेकडे देऊ नका. नंतर काही खटकलं तर आधी व्यवस्थापकाला तारखेसह लेखी द्या, पोच घ्या, आणि दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे.