शब्दांकन : शेवटच्या ओळीतलं नाव

जूनच्या पहिल्या आठवड्यात संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकाचं कव्हर ठरलं होतं. रोज रात्री मालिकेत दिसणारी, शनिवार-रविवार नाटकाचे प्रयोग करणारी, पन्नाशी ओलांडलेली एक अभिनेत्री. "आठ पानं देतोय. तू कर," सर म्हणाले. तोवर मी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी पाचसहाशे शब्दांच्या मुलाखती केल्या होत्या. वीस मिनिटं फोनवर बोलायचं, संध्याकाळी मजकूर पाठवून मोकळं व्हायचं. हेही तसंच, फक्त जरा लांब, असं समजून मी हो म्हटलं.

ताईंचं नाव इथे लिहीत नाही, अंकाचंही नाही. एकदोन तपशीलही ओळख पटू नये म्हणून बदललेत. बाकी सगळं झालं तसंच.

दिवाळी अंकाचं काम पावसाळ्याच्या तोंडावर का, हे मला सरांनी बोटांवर मोजून दाखवलं. 2024 ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. अंक घटस्थापनेच्या सुमारास स्टॉलवर हवा, म्हणजे 3 ऑक्टोबर. त्याआधी पंधरा दिवस पितृपक्ष, त्यात प्रकाशनाचा नारळ कोणी फोडणार नाही. त्याच्याही आधी, 7 सप्टेंबरला गणपती, आणि आमचे डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं लावणारे, काका गणपतीला कोकणात गेले की विसर्जन करूनच परततात. "म्हणजे तुझी कॉपी ऑगस्ट संपायच्या आत माझ्या टेबलावर." का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांचाही कंपोझिटर गणपतीला गावी गेला असेल का, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

कव्हर ठरलं म्हणजे सरांनी ठरवलं होतं. ताईंना अजून विचारायचं होतं, आणि ताईंना म्हणजे त्यांच्या मॅनेजरला. मॅनेजरने "चॅनलला विचारावं लागेल" म्हणून सांगितलं. मालिका चालू असताना कलाकाराने कुठे काय बोलायचं हे बरेचदा करारात असतं. त्यामुळे चॅनलच्या पीआरमधल्या मुलीचा होकार यायला जून संपला. मग प्रश्न आधी पाठवा म्हणाले. मी चौदा पाठवले, परत दहा आले. आधीची मालिका मध्येच का सोडली, हा गेला. मानधनाचा गेला. निवडणुकीबद्दलचा जाणार हे मला माहीतच होतं, खरं तर तो मी कापायला काहीतरी मिळावं म्हणूनच घातला होता. चौथा का गेला ते अजून कळलेलं नाही. आवडती भाजी कोणती, असा होता.

तारीख मिळाली जुलैच्या शेवटी, घोडबंदर रोडवरच्या एका बंगल्यात, सेटवर. लंच ब्रेकमध्ये एक वाजता बसू असं ठरलं. मी साडेबारालाच पोचले. एकला सीन लांबला, दोनला पावसाने जनरेटर बंद पडला, तीनला स्पॉटदादांनी मला दुसरा चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, इथे घड्याळ बघायचं नसतं." चार वाजून वीस मिनिटांनी मी व्हॅनिटीत, म्हणजे ताईंच्या मेकअपच्या गाडीत, शिरले. ताई जेवत होत्या, हेअरड्रेसर मागे उभी, समोर चॅनलची मुलगी मोबाईल घेऊन. मी पहिला प्रश्न विचारला आणि ताईंनी उत्तर दिलं: "बेसिकली आमची टीम म्हणजे एक कुटुंबच आहे." हे वाक्य मी त्यांच्या आधीच्या चार मुलाखतींत वाचलं होतं. दुसरं उत्तर तसंच, तिसरंही. चूक माझी होती. प्रश्न आधी पाठवले की माणूस उत्तरंही आधीच करून ठेवतो. पंचविसाव्या मिनिटाला दारावर टकटक झाली, "ताई, शॉट रेडी," आणि संपलं.

उतरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पडला असावा. म्हणाल्या, "शनिवारी पार्ल्याला प्रयोग आहे, दीनानाथला. साडेसातचा. तू पाचला ये मेकअप रूममध्ये. आणि हे बघ, एकटीच ये."

शनिवारी मी ती चौदा-दहा प्रश्नांची यादी घरीच ठेवली. ताई नाटकाचा मेकअप स्वतः करतात. हात कामात होते आणि डोळे आरशात, माझ्याकडे बघायची सक्ती नव्हती. त्यामुळे असेल, पण बोलणं सुटलं. दौऱ्याच्या बसमध्ये खिडकीची जागा कोणाला मिळायची, रात्री दोनला घाटात बस बंद पडली तेव्हा सगळ्यांनी मिळून एक डबा कसा पुरवला, पहिल्या मालिकेच्या पहिल्या दिवशी एकाच वाक्याला एकोणीस टेक कसे झाले. दोन फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. दोन्ही एअरप्लेन मोडवर, कारण मध्येच फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं, हे मी एकदा रडून शिकले आहे. स्टेजवर सेट लागत होता, खिळे ठोकल्याचे आवाज प्रत्येक तिसऱ्या वाक्यात. पन्नास मिनिटं झाली, पहिली घंटा झाली. तिसरीला पडदा उघडतो. मी घाईने विचारलं, "ताई, इतक्या वर्षांनी भीती वाटते? की ती तिसऱ्या घंटेपर्यंतच असते?" भुवईवर पेन्सिल फिरवत त्या म्हणाल्या, "हं. तेवढ्यापुरतीच." आणि उठल्या.

हे "हं" लक्षात ठेवा.

मध्यंतरात त्यांनी मला आत बोलावलं, बटाटेवडा हातात दिला आणि वीस मिनिटांत वडिलांबद्दल जे सांगितलं ते मी कुठेही वाचलं नव्हतं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "हे छापू नकोस हं." पत्रकारितेचा नियम असा की छापायचं नाही हे आधी ठरवायचं असतं, बोलून झाल्यावर नाही. नियम मला पाठ आहे. पण अर्धा विग लावलेली बाई अर्धा वडा मला देऊन बोलत असेल तर त्या खोलीत नियम कोणाचा चालतो? तो भाग मी घरी ऐकला, एकदाच, आणि उतरवून घेतला नाही. सरांना हे आजही माहीत नाही.

एकूण पंचाण्णव मिनिटं. फोनमधल्या आवाजावरून टंकणाऱ्या सोयीला ते ऐकवून पाहिलं, तर तिने "तिसरी घंटा"चं "तिसरी गंगा" केलं. मग तीन रात्री कानात इयरफोन घालून हातानेच उतरवलं. साधारण नऊ हजार शब्द झाले. त्यातले अडीच हजार लागणार होते.

मध्ये फोटोशूट झालं, अंधेरीच्या एका स्टुडिओत. बाहेर श्रावणातला पाऊस, आत पणत्या. पैठणी दुकानातून एका दिवसापुरती आणलेली, बदल्यात "साडी सौजन्य" अशी ओळ द्यायची. ब्लाउज मागून सहा चिमट्यांनी आवळलेला, म्हणून सगळे फोटो समोरून. फोटोग्राफर सारखा मागे सरकत होता. डोक्यावर मोकळी जागा हवी, नाहीतर अंकाचं नाव कपाळावर छापावं लागतं. मोरपंखी निळा रंग स्क्रीनवर झळकत होता. छापून आला तेव्हा पाणी घातल्यासारखा, कारण छपाईच्या चार शाईंना तो झेपत नाही. हे प्रेसमधल्या माणसाने मला नंतर सांगितलं, ज्याला दरवर्षी कोणीतरी हेच विचारतं.

20 ऑगस्टला मी प्रश्नोत्तरांची कॉपी दिली. सरांनी दोन पानं वाचली. "छान आहे. पण प्रश्न काढ. मनोगत कर. लोकांना त्या बोलताना हव्यात, तू नकोस."

दिवाळी अंक वाचणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. वर लेखकाच्या जागी कलाकाराचं नाव, सगळा मजकूर "मी"मध्ये, आणि शेवटी बारीक अक्षरात 'शब्दांकन : अमुक'. वाचत आले होते, केलं नव्हतं. प्रश्न पुसायला लागले तेव्हा कळलं की उत्तरांचे पाय प्रश्नांत असतात. मी विचारलं होतं, "एकोणीस टेक झाल्यावर घरी काय सांगितलंत?" त्या म्हणाल्या होत्या, "काय सांगणार! आईने विचारलंच नाही." प्रश्न काढला की आईने काय विचारलं नाही? मग "त्या रात्री घरी गेले" हे मी लिहायचं, त्यांच्या तोंडी. बस, मालिका, आई हे सगळं तीन वेगवेगळ्या वेळी बोललं गेलेलं, ते एका दमात सांगितल्यासारखं जोडायचं. सव्वातीन पानांत मी मोजले: सतरा सांधे, सतराही माझे.

स्वतःपुरतं ठरवलं. क्रम बदलीन. पुन्हा पुन्हा आलेलं एकदाच ठेवीन. "बेसिकली" चाळीसवेळा होतं, चारदा राहू देईन, नाहीतर त्या त्या वाटणार नाहीत. माझ्या प्रश्नातले शब्द त्यांच्या उत्तरात घालीन, पण त्यांनी होकार दिला असेल तरच. जे वाटलं असं त्या म्हणाल्या नाहीत ते वाटलं असं लिहिणार नाही. यादी चांगली होती. मग तो "हं" आला. प्रश्न माझा, होकार त्यांचा. लिहिलं:

"भीती असते, पण ती तिसऱ्या घंटेपर्यंतच."

नियमात बसत होतं. तरी रात्री एकला मी ते खोडलं, दीडला परत लिहिलं. त्याच्याशिवाय परिच्छेद पडत होता.

कॉपी दाखवायची की नाही यावरून सर आणि मॅनेजर यांच्यात चार दिवस गेले. सरांचं म्हणणं, एकदा दाखवली की मुलाखत राहत नाही, जाहिरात होते. प्रश्नोत्तरं असती तर मी सरांच्या बाजूने भांडले असते. पण वर ताईंचं नाव लेखक म्हणून जाणार, तर त्यांनी वाचायलाच हवं, असं मी म्हटलं आणि सर गप्प बसले. मजकूर दाखवायचा, शीर्षक आणि फोटो नाही, अशी तडजोड झाली. रात्री दीड वाजता अकरा व्हॉइस नोट आल्या. एका नाटकाचं साल चुकलं होतं. एका सहकलाकाराचं कौतुक काढायला सांगितलं; मधल्या महिन्यात काहीतरी बिनसलं होतं म्हणे. "आणि मी 'अत्यंत' म्हणते का गं कधी? 'खूप' कर." पुढे बराच वेळ त्या आईच्या परिच्छेदावर बोलत होत्या, जो तसाच ठेव म्हणाल्या. घंटेच्या वाक्याबद्दल काहीच नाही. मी अकराही नोटा दोनदा ऐकल्या.

काका कोकणात जायच्या आदल्या दिवशी पानं लागली. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना "दुसऱ्या", "तऱ्हा", "बिचाऱ्या" यांचे सगळे अर्धे र मोडले. हे दर अंकाला होतं, दर अंकाला ते हाताने दुरुस्त करतात आणि दर अंकाला कोणीतरी "नवीन सॉफ्टवेअर घ्या" म्हणतं. संध्याकाळी एक पूर्ण पानाची जाहिरात आली. 240 पानांचा अंक, सोळा-सोळा पानांचे पंधरा फॉर्म (एकत्र छापले जाणारे गठ्ठे), त्यात एक पान वाढत नाही. आमच्या आठाचं सात झालं. दौऱ्याची बस गेली, डबा गेला. उरलेल्या सातांपैकी एका पानावर सरांनी मोठ्या अक्षरात टाकायला एक वाक्य निवडलं, चौकट करून. कुठलं ते सांगायला नको.

अंक घरी आला तेव्हा आईने आधी ताईंची साडी पाहिली, मग सातही पानं वाचली आणि विचारलं, "यात तुझं काय?" मी शेवटची ओळ दाखवली. तिने चष्मा वर करून ती वाचली.

जानेवारीत एका वाहिनीवर ताईंची गप्पांची मुलाखत होती. आई आणि मी दोघी बघत होतो. सूत्रसंचालकाने विचारलं, इतकी वर्षं झाली, अजून भीती वाटते? ताई क्षणभर थांबल्या, वर पाहिलं, जणू आत्ताच सुचतंय. "भीती असते," त्या म्हणाल्या, "पण ती तिसऱ्या घंटेपर्यंतच." टाळ्या पडल्या.

"बघ," आई म्हणाली, "किती छान बोलते ती."

"हो ना," मी म्हटलं.